सगळ्यात लांब उत्तर

प्रत्येक विषयाचा ऑनलाइन कोर्स तयार झाला पाहिजे आणि तो ज्याचा त्यानेच तयार करायचा, असं मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी खेळाच्या मास्तरांनी विचारलं, "लांब उडी कॉम्प्युटरवर मारायची की कॉम्प्युटरवरून?" त्यावर सगळे पोट धरून हसले आणि मग एकेक जण पळवाट शोधायला लागला. कुणाचे डोळे दुखत होते, कुणाची मान धरली होती. भूगोलाच्या बाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. निवृत्ती अगदी तोंडावर आलेली, आता या वयात हे लचांड कशाला, असं त्याही म्हणू शकल्या असत्या आणि कुणी त्यांना नावं ठेवली नसती. पण शाळा सुटल्यावर प्रशिक्षण सुरू झालं त्या दिवशी त्या कॉम्प्युटरच्या खोलीत सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसल्या.

खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या तासामुळे घरी जायला थोडा उशीर होणार होता. त्याचं त्यांना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली होती.

घरी सर होते. सर म्हणजे बाईंचा नवरा, याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. दोघांची ओळख इथलीच, लग्नही त्यातूनच ठरलेलं, त्यामुळे बाई शाळेत त्यांना 'सर' म्हणायच्या ते घरीही तसंच राहिलं. सरांचं मात्र दोन ठिकाणी दोन होतं. शाळेत 'अहो बाई' आणि घराच्या दारातून आत पाऊल टाकलं की 'अगं'. हा नियम ते इतका कडक पाळायचे की एकदा चुकून शिक्षकांच्या खोलीत तोंडून 'अगं' निघून गेलं, तर बिचाऱ्यांना पुढे कितीतरी दिवस चिडवून घ्यावं लागलं.

आता सरांची आठवण विरत चालली होती. आधी किल्ल्या गेल्या, मग वार गेले, मग माणसं जायला लागली. डॉक्टरांनी आजाराला नाव भलंमोठं दिलं होतं, उपाय मात्र त्यांच्याकडेही नव्हता. दिवसा सरांजवळ एक मावशी बसायच्या. सर मावशींना 'अहो बाई' म्हणायचे, शेजारणीला 'अहो बाई' म्हणायचे, फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या पोटच्या लेकीलाही 'अहो बाई' म्हणायचे. आणि बाईंनाही. 'अगं' शेवटचं कधी ऐकलं ते बाईंना आठवत नव्हतं. जुनी सवय वर आली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिने आपल्या घराजवळ अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था बघून ठेवली होती. संस्था चांगली होती, मागे बाग होती, रात्रंदिवस नर्स होत्या, आणि लवकरच एक जागा रिकामी होणार होती.

"आई, तू एकटी किती दिवस करणार?" ती म्हणायची. "जरा आरशात बघ स्वतःला."

"मला ओळखतात अजून."

"बाबा मला नाही ओळखत."

"मला ओळखतात. ज्या दिवशी ओळखणार नाहीत, त्या दिवशी मी स्वतः त्यांची बॅग भरीन. मग ने तुला हवं तिथे. तोवर हा विषय काढायचा नाही."

बाईंचा शब्द म्हणजे शब्द, हे लेकीला लहानपणापासून माहीत होतं. खोटं बोलणं हा विषय आमच्या आईने कधी घेतलाच नव्हता, असं ती मैत्रिणींना सांगायची. पण ओळखतात हे कशावरून, असं एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, आणि ते बाईंना चांगलंच लागलं.

प्रशिक्षण द्यायला आलेला तरुण चुणचुणीत होता. गळ्यात कायम हेडफोन अडकवलेला, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्याचं नावच 'हेडफोन' ठेवलं, आणि एकदा ते तोंडातून निसटल्यावर खोलीभर झालं. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. कोर्स म्हणजे पुस्तकाची पानं उचलून पडद्यावर चिकटवणं नव्हे, हे त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. धड्याचे लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या आधी ठरवायचं, हा संपल्यावर मुलांना नेमकं काय आलं पाहिजे. आणि मग ते खरंच आलं की नाही, हे तपासणारे प्रश्न काढायचे. बाईंना सुरुवातीला नाकी नऊ आले. माउस एकीकडे जायचा आणि पडद्यावरचा बाण दुसरीकडे. पण प्रश्न काढायची वेळ आली तशा त्या रंगल्या. एक प्रश्न, खाली चार पर्याय. बरोबर आलं तर हिरवी खूण आणि आपण लिहून ठेवलेली शाबासकी, चुकलं तर 'पुन्हा प्रयत्न करा'. पर्यायांची जागा कॉम्प्युटर दर वेळी स्वतःच बदलायचा, म्हणजे पहिल्याचं उत्तर तिसरं, दुसऱ्याचं पहिलं, असं घोकून भागायचं नाही. हे बाईंना फार आवडलं. इथे कुणाचा वशिला चालत नव्हता.

सरावासाठी त्यांनी दोन कोर्स केले. एक 'खडकांचे प्रकार', हेडफोनला दाखवायला. दुसरा कुणाला दाखवायचा नव्हता. त्याला त्यांनी 'घर' असं नाव दिलं.

'घर'मध्ये मोजकेच प्रश्न होते. तुम्ही शाळेत काय शिकवत होता? आपली मुलगी काय करते? खिडकीतून दिसणारं झाड कुणी लावलं? आणि शेवटचा: आता तुमच्या शेजारी कोण बसलं आहे? त्याखाली चार पर्याय. शेजारीण. नर्स. मावशी. आणि 'तुमच्याच शाळेत भूगोल शिकवणारी, तुमच्याशी लग्न करून या घरात आलेली तुमची बायको'.

संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि सरांना समोर बसवलं. परीक्षा म्हटल्यावर सर ताठ झाले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. प्रत्येक पर्यायाखालून बोट फिरवलं, सावकाश, ओळीच्या शेवटापर्यंत. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी बोट टेकवलं ते नेमकं बायकोवर. हिरवी खूण आली. सगळेच्या सगळे प्रश्न बरोबर.

बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला आणि कॅमेरा पडद्याकडे वळवला. "पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या. लेकीने पडदा नीट वाचून घेतला. मग म्हणाली, "बरं, हरले मी."

पुढे तो परिपाठच झाला. शाळा, प्रशिक्षण, घरी परीक्षा, मग लेकीला निकाल. सरही रोज विचारायचे, "आज पेपर नाही का?" एकदा तर त्यांनी चष्मा न लावताच सगळी उत्तरं दिली, तीही बरोबर. केवढी ही हुशारी, असं बाईंनी लेकीला कौतुकाने सांगितलं. घरी जायला उशीर व्हावा असं आता त्यांना वाटेनासं झालं होतं. शाळेतून निघाल्या की त्या पाय उचलून चालायच्या.

खडकांचा कोर्स दाखवायची पाळी आली, त्या दिवशी हेडफोनने तो मोठ्या पडद्यावर उघडला. "मॅडम, मला भूगोलातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "तरी देऊन बघतो परीक्षा."

त्याने प्रश्न वाचलेच नाहीत. नुसती पर्यायांवर नजर टाकायचा आणि बटण दाबायचा. हिरवं. पुन्हा हिरवं. अग्निजन्य म्हणू नका, गाळाचे म्हणू नका, कुठल्याच खडकाला तो अडला नाही. शेवटी बाईंनीच लिहिलेलं वाक्य पडद्यावर आलं, 'शाबास, तुमचा अभ्यास पक्का आहे.' खोलीत हशा पिकला.

"हे कसं काय जमवलं?" खेळाच्या मास्तरांनी विचारलं.

"मॅडमचं खरं उत्तर सगळ्यात लांब असतं," तो म्हणाला. "हे बघा ना. 'गाळाचे थर एकावर एक साचून, वरच्या दाबाने घट्ट होऊन तयार झालेला खडक.' आणि बाकीचे तीन? 'बर्फ.' 'माती.' 'वाळू.' मॅडम, तुम्ही खोट्याला एका शब्दाच्या वर देतच नाही. पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं म्हणा. पण तुमच्यात एकसुद्धा अपवाद सापडत नाही."

सगळे हसत होते. त्यात वाईट काही नव्हतं, उलट बाईंच्या सरळपणाचं कौतुकच होतं. पण 'सगळ्यात लांब' हे शब्द बाईंनी आधी ऐकले होते. वर्षानुवर्षं भिंतीपलीकडच्या वर्गातून ऐकले होते. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना सर शेवटच्या तासाला सांगायचे, "येत असेल तर सोडवा. येत नसेल तर घाबरायचं नाही, सगळ्यात लांब पर्याय धरायचा. पेपर काढणारा खऱ्याला गोंजारतो आणि खोट्याला हाकलून देतो." त्यावरून दोघांची कितीदा तरी जुंपली होती. हे काय शिकवणं झालं, असं बाई म्हणायच्या. "अहो बाई," सर म्हणायचे, "अभ्यास आयत्या वेळी दगा देतो. युक्ती देत नाही."

हेडफोन पुढे सांगतच होता. चुकीच्या पर्यायांना तो चकवे म्हणायचा. "चकवा नुसता खोटा असून भागत नाही. त्यालाही खऱ्याइतकाच वेळ द्यायचा. खऱ्यातलंच बरंचसं उचलायचं आणि एकच गोष्ट फिरवायची. मग ज्याला येतं त्यालाच येतं, बाकीचे फसतात."

बाईंनी मान डोलावली. त्यानंतरचं काही त्यांच्या कानात शिरलं नाही.

घरी जाताना रस्त्यात त्यांनी स्वतःशी बरीच हुज्जत घातली. सर खरंच वाचत असतील. थोडं वाचत असतील, थोडा अंदाज करत असतील. आणि समजा नुसता अंदाजच असला, तरी कुणाला कळणार होतं? 'घर' होतं तसं राहू दिलं तर रोज हिरवी खूण येणार, लेक गप्प बसणार, सर घरात राहणार. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण पेपर फुटलाय हे कळल्यावर तोच पेपर पुन्हा समोर ठेवायचा, हे बाईंच्याने जन्मात झालं नसतं. आणि लेकीचं जाऊ द्या, आता त्यांना स्वतःलाच कळायला हवं होतं.

मावशी निघून गेल्यावर त्यांनी चहा केला, सरांच्या हातात कप दिला आणि त्यांच्यासमोरच बसून एकेक प्रश्न नव्याने लिहायला घेतला. हेडफोनने सांगितलं तसा. शेवटच्या प्रश्नाशी त्या फार रेंगाळल्या. खोटं लिहायला हात चालेना. एकेक शब्द मापून बसवावा लागला. अखेर चार ओळी एकाखाली एक, सारख्या लांबीच्या झाल्या. 'तुमच्या शाळेत भूगोल शिकवणारी तुमची बायको.' 'तुमच्या शाळेत भूगोल शिकवणारी एक शिक्षिका.' 'तुमच्या घरी कामासाठी येणारी एक मावशी.' 'तुमच्या घरी राहायला आलेली तुमची बहीण.'

"पेपर का?" सर म्हणाले आणि ताठ झाले. चष्मा पुसला.

शाळेत काय शिकवत होता, याला त्यांनी पटकन गणितावर बोट ठेवलं, आणि बाईंना क्षणभर आशा वाटली. मग मुलीचं चुकलं. झाडाचं चुकलं, ते त्यांनी स्वतःच लावलेलं असून. मग शेवटचा प्रश्न आला. सरांचं बोट पहिल्या ओळीखालून शेवटापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. मग दुसऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत गेलं. मग तिसऱ्या, मग चौथ्या. पुन्हा पहिलीवर आलं. इतके दिवस बाई हेच बोट बघत होत्या आणि त्यांना वाटत होतं, सर वाचतायत. सर वाचत नव्हते. सर ओळी मापत होते.

"हा पेपर कोणी काढलाय?" त्यांनी विचारलं.

"मी."

"चांगला काढलाय हो बाई. अंदाजाला जागाच ठेवली नाहीत."

इतक्या वर्षांच्या संसारात सरांनी बाईंच्या प्रश्नपत्रिकेला चांगलं म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती.

सरांनी मान वर करून बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या पाहण्यात आदब होती, आपुलकीही होती, जशी चांगल्या सहकाऱ्याबद्दल असते. मग त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट टेकवलं. एक शिक्षिका. पडद्यावर आलं, 'पुन्हा प्रयत्न करा.'

"चुकलं का?"

"थोडक्यात हुकलं," बाई म्हणाल्या.

"असू दे." सर उठले. "निघतो मी आता. उशीर झाला. घरी बायको वाट बघत असेल."

आता काही बोललं तर रडूच फुटेल, हे बाईंना कळत होतं. तरी त्यांच्याने राहवलं नाही. "कशी आहे हो तुमची बायको?"

सरांनी विचार केला. या प्रश्नाला खाली पर्याय नव्हते. "कडक आहे," ते म्हणाले आणि हसले. "बोलते कमी. पण खोटं बोलत नाही कधी. मी घरी गेल्याशिवाय जेवायला बसत नाही. किती सांगितलं तरी नाही." मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "मला करमत नाही हो तिच्याशिवाय. शाळेत कुणाला सांगू नका."

"नाही सांगणार."

सरांनी बूट चढवले. नाड्या बाईंनी बांधून दिल्या, कारण ते आता सरांना जमत नव्हतं. दोघं जिना उतरून खाली आली, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेली आणि इमारतीला वळसा घालून परत फिरली. चालताना सर रस्त्याच्या बाजूला राहिले आणि बाईंना त्यांनी आतल्या बाजूला ठेवलं. ही त्यांची लग्नाआधीपासूनची सवय होती. वर आल्यावर सरांनी बेल वाजवली आणि केस सारखे करून उभे राहिले. आत कुणीच नव्हतं. बाईंनी पर्समधून किल्ली काढून दार उघडलं.

"बाहेर गेली वाटतं," सर म्हणाले.

"येईल इतक्यात."

बाई स्वयंपाकघरात जेवण गरम करत असताना लेकीचा फोन आला. रोजचा निकाल कळला नव्हता, म्हणून तिनेच केला होता. बाईंनी कॅमेरा सुरू केला नाही.

"काय गं आई, आज काही कळवलं नाहीस? मला त्या संस्थेला उद्या उत्तर द्यायचंय. ते जागा धरून ठेवत नाहीत जास्त दिवस." मग तिने विचारलं, "ओळखलं ना तुला?"

बाईंना आपला शब्द आठवत होता. बॅग कपाटावर होती, हात वर केला की मिळेल अशी. 'नाही' एवढा एक शब्द म्हणायचा होता, आणि कमी बोलणं तर बाईंच्या अंगातच होतं. पण त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच सुरू झालं.

"ओळखलं म्हणजे काय, आज तर कमालच केली. पेपर बघून म्हणाले, कोणी काढलाय, चांगला काढलाय. मग बायकोचं वर्णन करत बसले. कडक आहे म्हणे, बोलते कमी. मी घरी गेल्याशिवाय जेवायला बसत नाही म्हणे. आणि वर हळूच म्हणाले, मला करमत नाही तिच्याशिवाय, पण शाळेत कुणाला सांगू नका. मग आम्ही दोघं खाली फिरून आलो. मला आतल्या बाजूला घेऊन चालत होते, पूर्वीसारखं."

त्यातला पहिला शब्द तेवढा खोटा होता. बाकी सगळं जसंच्या तसं खरं होतं.

पलीकडे लेक हसत होती आणि रडतही होती. "बाबा ना," ती म्हणाली. "असं म्हणाले? आई, खरं सांगू, मला मध्ये वाटायला लागलं होतं की तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. पण तुला खोटं बोलता येत नाही, एवढं एक बरं आहे. कळवते मी त्यांना, जागा नको म्हणून."

"कळव," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी गॅस बंद केला. त्यांना रडू आलं, आणि सरांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी नळ सोडून ठेवला. लेकीला फसवल्याचं दुःख होतं. सर घरातच राहणार म्हणून सुटल्यासारखंही वाटत होतं. पण सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं ते त्या बायकोचं, जी कधी खोटं बोलत नाही. ती आता फक्त सरांच्या आठवणीत उरली होती, आणि तिथे तरी किती दिवस राहील कुणास ठाऊक.

तोंड धुऊन त्यांनी ताटं वाढली आणि बाहेर आणून टेबलावर ठेवली. सर दाराकडे तोंड करून बसले होते. बूट अजून पायातच होते.

"चला, जेवून घ्या. गार होईल."

"ती येऊ दे ना," सर म्हणाले. "ती माझ्यासाठी थांबते रोज. एक दिवस मी थांबलो तर काय बिघडलं?"

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही ताटं झाकून ठेवली, सरांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि त्याही दाराकडे बघत बसल्या.